पत्ते आणि कॅरम खेळणाऱ्या घरात नवे बोर्ड गेम कसे रुजवावेत?

तुमच्या घरात आई-वडील, दोन मुले आणि अधूनमधून येणारे मित्र आहेत, सगळ्यांना पत्ते आणि कॅरम येतो, पण तुम्ही हौसेने आणलेला स्ट्रॅटेजी बोर्ड गेम पहिल्या अर्ध्या तासातच बाजूला पडला आणि वडील त्याला ‘पोरखेळ’ म्हणाले, असे तुम्ही लिहिले आहे. असे खेळ घरात रुजवायचे कसे आणि त्यांवर पैसे किती घालावेत, असा तुमचा प्रश्न आहे. मी कोल्हापुरात, राजारामपुरीत, सात माणसांच्या एकत्र घरात राहते आणि गेली आठ वर्षे आमच्याकडे रविवारी संध्याकाळी हे खेळ चालतात, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

माझ्या अनुभवात खेळ बाजूला पडतो तो बहुतेक वेळा निवडीमुळे. आपण जगात नावाजलेला खेळ आणतो आणि मग त्याला माणसे जुळवत बसतो. त्याऐवजी घरातले कोण कशात रमते, कोणता व्यवहार कोणाच्या हातात मुरलेला आहे, हे आधी पाहावे आणि त्याला लागून असलेला खेळ आणावा. हे मला कोणी सांगितले नव्हते; एक संध्याकाळ पूर्ण वाया घालवून ते कळले.

त्या वर्षी गौरी-गणपतीला पुण्याहून माझे दीर, जाऊ आणि त्यांची मुले आली होती, घर भरलेले होते, आणि मी ‘टेराफॉर्मिंग मार्स’ टेबलावर मांडला. मंगळावर ऊब, प्राणवायू आणि पाणी निर्माण करून तो ग्रह राहण्याजोगा करायचा, अशी त्याची कल्पना आहे. खेळ उत्तम आहे, आजही मला तो आवडतो. पण त्यात दोनशेहून अधिक कार्डे आहेत, त्यांवर बारीक इंग्रजी मजकूर आहे, आणि पहिली चाल करण्याआधीच हातात आलेल्या दहा कार्डांपैकी कोणती पैसे मोजून ठेवायची हे ठरवावे लागते. मी पुस्तिका हातात धरून चाळीस मिनिटे नियम वाचत होते. सासूबाई ‘जरा दूध बघून येते’ म्हणून उठल्या त्या परत आल्याच नाहीत, आणि भाऊजी फोन घेऊन गॅलरीत गेले.

पेटी बंद केल्यावर त्याच माणसांनी मेंढीकोटाचा डाव मांडला आणि तो रात्री साडेबारापर्यंत चालला. मी डावात नव्हते, चहा देत होते, त्यामुळे मला नीट पाहता आले. आमच्या आत्याबाई, म्हणजे सासऱ्यांच्या थोरल्या बहीण, चारांपैकी किती दश्श्या पडल्या, हुकमाची किती पाने बाहेर राहिली, भिडूने मघाशी हातात मोठे पान असूनही लहान का टाकले, हे सगळे तोंडातली सुपारी न हलवता लक्षात ठेवत होत्या. पुढच्या सुट्टीत तीनशेचार रंगले तेव्हाही तेच. ज्या खेळात गुलामाचे 30, नव्वीचे 20, एक्क्याचे 11, दश्शीचे 10, राजाचे 3 आणि राणीचे 2 असे उलटेसुलटे गुण आहेत, आणि एका रंगाचे 76 म्हणून चार रंगांचे 304 होतात, तो खेळ बोली लावून खेळणाऱ्या माणसाला डावपेच जड जातात असे म्हणणे हा त्याचा अपमान आहे. त्यांना जड गेले होते ते माझे वाचन.

मग मी एकेका माणसाकडे पाहून खेळ शोधू लागले. सर्वांत अवघड वाटले होते ते सासरे. त्यांना आम्ही आबा म्हणतो. त्यांची हयात शाहूपुरीत गुळाच्या अडतीत गेली. भाव, तोल आणि समोरच्याचा चेहरा या तीन गोष्टींवर त्यांनी घर चालवले. त्यांच्यासाठी मी ‘कटान’ आणला. जर्मनीतील क्लाउस टॉयबर यांनी तयार केलेला हा खेळ 1995 साली आला, आणि त्याच वर्षी त्याला तिथला ‘श्पील देस यारेस’ म्हणजे वर्षातील सर्वोत्तम खेळाचा सन्मान मिळाला. टॉयबर व्यवसायाने दातांच्या कवळ्या तयार करणारे तंत्रज्ञ होते आणि खेळ रचणे हा त्यांचा फावल्या वेळचा उद्योग होता, हे मी आबांना मुद्दाम सांगितले, कारण ‘रिकामटेकड्यांचे काम’ हा त्यांचा पहिला आक्षेप होता.

कटानमध्ये षटकोनी तुकड्यांचे एक बेट असते. प्रत्येक तुकड्यातून लाकूड, विटा, लोकर, गहू किंवा खनिज यांपैकी एक माल निघतो, एक तुकडा वाळवंटाचा असतो, आणि मालाच्या तुकड्यावर एकेक आकडा ठेवलेला असतो. दोन फाशांची बेरीज जो आकडा दाखवील त्या तुकड्याला लागून ज्यांची वस्ती आहे त्यांना माल मिळतो. मालातून रस्ते, वस्त्या आणि शहरे बांधायची आणि दहा गुण आधी करायचे. दोन फाशांच्या 36 शक्यतांपैकी 7 ही बेरीज सहा प्रकारे पडते, 6 आणि 8 प्रत्येकी पाच प्रकारे, तर 2 आणि 12 प्रत्येकी एकाच प्रकारे. हे मी कागदावर मांडून दाखवत होते तेव्हा आबांनी मला मध्येच थांबवले आणि म्हणाले, “म्हंजे सहा-आठाच्या रानाला पाणी हाय, आन् दोन-बारा म्हंजे माळ. कळलं की, फुडं सांग.” यापेक्षा सोपे स्पष्टीकरण मला आजवर सापडलेले नाही, आणि नव्या माणसाला शिकवताना मी तेच वापरते. सात पडले की ज्याच्या हातात सातांहून जास्त कार्डे असतील त्याची निम्मी जातात, या नियमाची तर त्यांना मौजच वाटली. साठवून ठेवलेला गूळ पावसाळ्यात पाघळायचाच, असे त्यांचे म्हणणे.

पण आबा या खेळात अडकले ते अदलाबदलीमुळे. आपल्या चालीत इतरांशी मालाचा सौदा करता येतो आणि त्याला ठरलेला भाव नसतो. बँकेत चाराला एक मिळते, बंदर हाताशी असेल तर तीनाला एक किंवा दोनाला एक. माणसांशी मात्र बोलण्याच्या जोरावर काहीही. आबा आपल्याला काय हवे आहे ते आधी कधीच सांगत नाहीत. “तुला काय पायजे ते बोल,” असे म्हणून कार्डे पालथी घालतात आणि कोणाचा हात विटांसाठी शिवशिवतो आहे ते बघत राहतात. एकदा त्यांनी माझ्या मुलीला विचारले, “आत्ता एक वीट दे, फुडल्या डावाला दोन गहू देतो, चालतंय?” नियमाप्रमाणे पुढच्या डावाचे वचन कोणालाही बांधील नसते. आम्ही तो वाद असा मिटवला की उधारी चालेल, पण बुडवली तर पटावर दाद मागायची नाही, चारचौघांत नाव जाईल तेवढेच. उधारी अजून कोणी बुडवलेली नाही; आबांनी एकदा नात रडकुंडीला येईपर्यंत ताणली होती, तेवढा अपवाद सोडला तर.

तुमचे वडील पोरखेळ म्हणाले, त्यामागे मला वाटते ‘व्यापार’ची आठवण असावी. आपल्या पिढीने लहानपणी तोच एक मोठा पटाचा खेळ पाहिला: फासा नेईल तिकडे जायचे, पैसे संपले की बाहेर पडायचे, आणि उरलेले दोघे संपवत नाहीत तोवर भिंतीला टेकून बसायचे. नव्या खेळांपैकी बहुतेकांत मध्येच कोणी बाद होत नाही. खेळ कधी संपणार ते आधीपासून ठरलेले असते, कोण जिंकणार हे बऱ्याचदा शेवटच्या मोजणीपर्यंत नक्की कळत नाही, आणि फासा असलाच तरी त्याने दिलेल्या मालाचे काय करायचे हे आपल्यावर असते. वडिलांना हे समजावून सांगू नका. एकदा शेजारी बसवून त्यांचा सल्ला मागा. सल्ला देता देता माणूस डावात येतो.

सासूबाईंना सौदेबाजीचा कंटाळा आहे आणि फाशावर त्यांचा विश्वास नाही. त्यांच्या हातच्या वाकळा मात्र आमच्या सगळ्या नातेवाइकांकडे आहेत. त्यांच्यासाठी मिळाला तो ‘पॅचवर्क’, उवे रोझेनबर्ग यांचा 2014 सालचा दोघांचा खेळ, आणि त्याचा विषयच मुळी चिंध्या जोडून गोधडी शिवणे हा आहे. नऊ गुणिले नऊ चौकोनांच्या पाटीवर वेड्यावाकड्या आकाराचे तुकडे बसवायचे. तुकडा घ्यायला बटणे मोजायची आणि शिवायला वेळ खर्च करायचा. शेवटी जितके चौकोन उघडे राहतील त्या प्रत्येकाचे दोन गुण वजा. ज्याचा वेळ कमी खर्च झाला आहे त्याची चाल, त्यामुळे स्वस्त आणि झटपट शिवून होणारे तुकडे घेणारा लागोपाठ दोन-तीन चाली करून जातो. सासूबाईंनी दुसऱ्याच डावात कडेचे कोपरे आधी भरायला घेतले आणि बारीक तुकडे शेवटासाठी राखले, कारण वाकळ त्या तशीच शिवतात. मी अजून त्यांच्याकडून तीनातले दोन डाव हरते.

पॅचवर्कचा आणखी एक गुण असा की खेळताना काहीही वाचावे लागत नाही. हा मुद्दा आपल्या घरांत फार महत्त्वाचा आहे आणि इंग्रजी परीक्षणांत तो स्वाभाविकपणे येत नाही. ज्यांना इंग्रजी सहज वाचता येत नाही, त्यांनी दर चालीला नातवाला ‘हे काय लिहिलंय?’ विचारायचे म्हटले की हातातले पान उघडे पडते आणि त्याहून वाईट म्हणजे त्यांना संकोच वाटतो. ‘अझुल’, ‘कार्कासोन’, ‘स्प्लेंडर’ हे चित्रांवर चालणारे खेळ म्हणूनच आधी आणावेत. ‘विंगस्पॅन’ हा पक्ष्यांचा सुंदर खेळ आमच्याकडे आहे, त्यात 170 पक्ष्यांची कार्डे आहेत, आणि राधानगरीला पक्षी बघायला जाणारे आमचे एक स्नेही त्यासाठी खास येतात. पण आत्याबाई त्यात बसत नाहीत आणि आम्ही आग्रह करत नाही. कटानमधली थोडी इंग्रजी कार्डे आहेत, त्यांसाठी मी पारदर्शक पाकिटे घेतली आणि आत मराठीत लिहिलेल्या चिठ्ठ्या सरकवल्या. एका दुपारचे काम आहे.

अझुलबद्दल दोन वाक्ये लिहितेच, कारण एकच खेळ घ्यायचा तर तुमच्यासाठी मी तोच सुचवीन. मिशाएल कीस्लिंग यांचा हा खेळ 2017 साली आला आणि पुढच्या वर्षी त्याला तोच जर्मन सन्मान मिळाला. पाच रंगांच्या प्रत्येकी 20 जाड फरशा पिशवीतून काढून थाळ्यांवर मांडायच्या, एका थाळीतून एका रंगाच्या सगळ्या फरशा उचलायच्या, आणि जागेपेक्षा जास्त पदरात पडल्या तर त्या फुटल्या असे धरून गुण वजा करायचे, इतके समजले की डाव सुरू. नियम दहा मिनिटांत संपतात, फरशा हाताला सोंगट्यांसारख्या गुळगुळीत लागतात, आणि शेवटच्या फेऱ्यांत नको त्या रंगाचा ढीग दुसऱ्याच्या गळ्यात कसा घालावा हे मेंढीकोट खेळणाऱ्याला सांगावे लागत नाही. दोघांपासून चौघांपर्यंत तो सारखाच रंगतो.

मुलांचे सोपे असते. कार्कासोनमध्ये 72 तुकडे एकेक करून जोडत तटबंदीची शहरे, रस्ते आणि मठ उभे करायचे असतात. खेळाचे नाव दक्षिण फ्रान्समधल्या एका तटबंदीच्या गावावरून आले आहे, पण आमच्या घरात सगळे शहराला पन्हाळा म्हणतात आणि अर्धवट तटबंदी राहिली की ‘बुरूज पडला’. शेतांचे गुण मोजण्याचा नियम पहिल्या तीन-चार डावांत गाळा. ‘टिकिट टू राइड’मध्ये रंगीत पत्ते जमवून दोन गावांमध्ये रेल्वे टाकायची असते, आणि आपला सरळ मार्ग दुसऱ्याने अडवला की वळसा घ्यावा लागतो, कोल्हापूरच्या मुलांना हे समजवायला वेळ लागत नाही, कारण इथून रेल्वेने कुठेही निघा, मिरजेला जावेच लागते. मुलांना मुद्दाम जिंकू देऊ नका. त्यांना ते कळते, आणि मग खऱ्या विजयाचीही किंमत राहत नाही.

आता मित्रांविषयी. यजमानांचे पाच-सहा मित्र आहेत, त्यातले तिघे फाउंड्रीच्या धंद्यातले, आणि सगळ्यांना दिवसभर माणसांना कामाला लावायची सवय. त्यांच्यासमोर मी ‘पँडेमिक’ ठेवला. मॅट लीकॉक यांचा 2008 सालचा हा खेळ सगळ्यांनी एका बाजूने खेळायचा असतो: चार रोग जगभर पसरत असतात आणि ते आटोक्यात येण्यापूर्वी पत्ते संपले किंवा साथ हाताबाहेर गेली तर सगळेच हरतात. कल्पना अशी की भांडण होणार नाही. झाले उलटे. पहिल्या पंधरा मिनिटांत त्यातल्या एका मित्राने चौघांच्याही चाली ठरवायला सुरुवात केली, “तू मुंबईला जा, तू तिथंच थांब, तू तुझा पत्ता ह्याला दे,” आणि बाकीचे तिघे त्याच्या कामगारांसारखे सोंगट्या हलवत राहिले. सहकार्याच्या खेळांचा हा ठाऊक असलेला दोष आहे, आणि एकत्र कुटुंबात तर कारभारीपणा अंगात मुरलेला एक तरी माणूस असतोच.

यावर आम्ही दोन उपाय केले. एक म्हणजे ज्याची चाल आहे तो आधी आपला बेत बोलून दाखवील आणि त्याने विचारल्याशिवाय दुसऱ्याने तोंड उघडायचे नाही. दुसरा उपाय ‘हनाबी’ हा खेळ. अंत्वान बोझा यांच्या या छोट्या पेटीतल्या मूळ डावाला पन्नासच पत्ते लागतात, आणि ते उलटे धरायचे असतात: आपले पत्ते आपल्याला दिसत नाहीत, इतर सगळ्यांना दिसतात. भिडूला मोजक्याच खुणा देता येतात, त्याही फक्त रंगाच्या किंवा आकड्याच्या, आणि त्यावरून प्रत्येक रंगाची पाने एक ते पाच अशी क्रमाने लावायची. इथे कारभाऱ्याचे काही चालत नाही, कारण त्याला स्वतःचाच हात दिसत नसतो. मेंढीकोटात भिडूला खुणावणे म्हणजे लबाडी. इथे खुणावणे हाच डाव, पण प्रत्येक खुणेची किंमत आहे. आत्याबाईंनी हे एका वाक्यात पकडले: “म्हणजे डोळा मारायचा, पण मोजून.” त्या मित्रांच्या टोळीत आता त्यांना कायमची जागा आहे.

शिकवण्याची माझी पद्धत सांगते. आदल्या रात्री मी एकटी, दोघांचे हात स्वतःच खेळून, अर्धा डाव करते. पुस्तिका टेबलावर आणत नाही. बसल्यावर सर्वांत आधी जिंकायचे कसे ते सांगते, मग एका चालीत काय काय करता येते ते, आणि तिथेच थांबून पहिली फेरी सगळे पत्ते उघडे ठेवून खेळायला लावते. अपवाद, जादा गुण, क्वचित येणारे नियम ज्या त्या वेळी. मीपल, टोकन, रिसोर्स असले शब्द मी वापरत नाही. गडी, सोंगटी, माल हे शब्द घरात आहेतच. पाचच्या पुढे माणसे असतील तर जोड्या लावते, एक थोर आणि एक पोर, म्हणजे सगळ्यांना बसता येते आणि आबांचा चष्मा आणि नातवाचे डोळे एका बाजूला येतात. पहिला डाव मोजायचा नाही, हेही आधीच जाहीर करावे.

आणि खाणे. कोल्हापुरात पाहुणा आला की चिवडा, भडंग, भजी यांपैकी काहीतरी येणारच, आणि तेलाच्या बोटांनी एकदा पत्ता धरला की त्या पत्त्याची पाठ जन्मभर ओळखू येते. आमच्याकडे डाव संपेपर्यंत चहा तेवढा, तोही शेजारच्या स्टुलावर. पावसाळ्यात इथली हवा इतकी दमट असते की पुठ्ठ्याचे तुकडे फुगतात आणि पत्ते वाकतात. पेटीत ओल शोषणाऱ्या दोन-तीन पुड्या टाकून ती लोखंडी कपाटात, जमिनीपासून वर ठेवा.

पैशांचे म्हणाल तर बाहेरून आलेली चांगली पेटी दोन-अडीच हजारांपासून चार-पाच हजारांपर्यंत जाते, आणि हनाबीसारखी पत्त्यांची पेटी त्याहून बरीच कमी किमतीत मिळते. ऑनलाइन फारच स्वस्तात दिसणाऱ्या पेट्यांपासून सावध राहा. मी एकदा निम्म्या किमतीला कटान मागवला, तो नकली निघाला. पत्ते कागदासारखे पातळ आणि रंग असे की गहू आणि विटा दिव्याखाली सारख्याच दिसत. त्यानंतर आम्ही सहा घरांनी भिशी सुरू केली. दर महिन्याला प्रत्येकी पाचशे रुपये, जमलेल्या तीन हजारांतून चिठ्ठी निघालेल्या घराने एक खेळ घ्यायचा, आणि तो सहाही घरांत फिरवायचा. सहा महिन्यांत प्रत्येकाचे तीन हजार गेले आणि सहा खेळ खेळायला मिळाले. जो कोणालाच रुचला नाही तो विकून त्याचे पैसे पुढच्या भिशीत टाकले. या महिन्याची चिठ्ठी आबांच्या नावाने निघाली आहे, आणि ते कोणता खेळ घेणार हे विचारले की अजूनही आधी दुसऱ्याला काय हवे तेच विचारतात.